पानातला घास आणि घरातला कुत्रा

गृहस्थाच्या अन्नात कुत्र्याचा वाटा आपल्या शास्त्रकारांनी पूर्वीपासूनच राखून ठेविलेला आहे. वैश्वदेवाच्या प्रसंगी कुत्रे, कावळे व कृमिकीटक यांच्यासाठी भूमीवर अन्न ठेवावे, अशी मनूची आज्ञा आहे. श्राद्धाच्या पंचबलींत गाय व कावळा यांच्या जोडीला श्वानही आहेच. दत्तगुरूंच्या तसबिरीत पायांशी चार कुत्रे बसलेले असतात आणि ते चार वेद होत, असे आपणांस लहानपणीच सांगितलेले असते. कुत्र्याने कोरडी पोळी पळविली तेव्हा नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा तर घरोघर ठाऊक आहे. सारांश, कुत्र्यास घास घालणे हे आपल्याकडे पुण्याचे काम समजले गेले आहे.

परंतु ज्या कुत्र्यासाठी हा घास सांगितला, तो अंगणातला कुत्रा होता. त्याच्या वाट्यास मूठभर भात किंवा भाकरीचा तुकडा येई आणि तोही दिवसातून एकदा. हल्ली कुत्रा उंबरठा ओलांडून आत आला आहे. तो माजघरात निजतो, मुलांच्या पंगतीला बसतो आणि सणावारी घरातील प्रत्येक पदार्थाची चव घेतो. आजोबा चहाबरोबरचे बिस्किट देतात, काकू पोळीचा पापुद्रा देतात, धाकटी मुले आपल्या पानातले नकोसे ते हळूच खाली सोडतात. प्रत्येकाने थोडेच दिलेले असते. परंतु सर्वांचे मिळून किती झाले, याची नोंद कोणापाशीच नसते. घरातील कुत्र्यास जी विषबाधा होते, ती पुष्कळदा अशा मायेच्या आणि बेहिशेबी घासांतून होते. म्हणून या महिन्यात त्या घासांचा विचार करावयाचे योजिले आहे.

‘आपण खातो तेच तर देतो,’ असे याविषयी नेहमी म्हटले जाते. या म्हणण्यात दोन चुका आहेत. पहिली वजनाची. साठ किलोच्या माणसाने खाल्लेला घास आणि दहा किलोच्या कुत्र्याने खाल्लेला घास दिसावयास सारखा असला, तरी परिणामास सहापट असतो. दुसरी चूक शरीरधर्माची. काही द्रव्ये आपले यकृत व मूत्रपिंडे सहज निकालात काढतात, तीच कुत्र्याच्या शरीरात दीर्घकाळ साठून राहतात किंवा भलतेच कार्य करतात. पुढील सर्व विवेचनात हिशेबाच्या सोयीसाठी दहा किलो वजनाचा कुत्रा धरला आहे. आपला कुत्रा पाच किलोचा असेल, तर आकडे निम्मे करून वाचावेत.

कांदा व लसूण

कांद्यात गंधकयुक्त द्रव्ये असतात. ती कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींवर आघात करून त्या फोडतात. दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला, तर रक्ताची हानी दिसू लागते. म्हणजे आपल्या दहा किलोच्या कुत्र्यास दीडशे ग्रॅम, अर्थात एक मोठा किंवा दोन मध्यम कांदे पुरे होतात. एकाच वेळी इतका न खाता रोज थोडाथोडा खाल्ला, तरी अपाय साचत जातो. शिजविल्याने, तळल्याने किंवा वाळवून पूड केल्याने हा दोष जात नाही; उलट पुडीत पाणी नसल्यामुळे ती थोडी असूनही अधिक भरते. लसूण तर वजनास वजन कांद्याहून कित्येक पटींनी तीव्र आहे.

यातील खरी फसवणूक काळाची आहे. कांदा खाल्ल्याबरोबर कुत्रा लोळू लागत नाही. कदाचित एखादी ओकारी होते आणि सर्व शांत होते. तीन-चार दिवसांनी मात्र तो सुस्त पडतो, हिरड्या फिकट होतात, जिना चढताना धाप लागते आणि लघवी तांबूस-तपकिरी होते. कांदेनवमीचे उदाहरण घ्यावे. आषाढ शुद्ध नवमीस घरात भजी, थालीपीठ, कांद्याची भाजी असा थाट असतो, आणि चातुर्मास लागण्यापूर्वी कांदा संपवावयाचा म्हणून कुत्र्याच्या पुढ्यातही मुक्तहस्ते पडतो. तो आजारी पडतो तोपर्यंत आषाढी एकादशी होऊन गेलेली असते आणि घरात कांद्याचे सालही उरलेले नसते. मग संशय पावसाच्या पाण्यावर जातो, शिळ्या भातावर जातो. कांद्यावर कोणाचाच जात नाही. वैद्याने ‘गेल्या आठवड्यात काय खाल्ले?’ असे विचारले, तर नीट आठवून उत्तर द्यावे, ते एवढ्यासाठीच.

बेदाणे, द्राक्षे आणि चिंच

नाशिकची द्राक्षे व तासगावचे बेदाणे यांनी आपल्या स्वयंपाकघरात कायमचे स्थान मिळविले आहे. शिरा, खीर, पुलाव, श्रीखंड यांपैकी कशातही चार बेदाणे नसले तर चुकल्यासारखे वाटते. कुत्र्याच्या मूत्रपिंडांस मात्र द्राक्षे व बेदाणे घातक ठरतात. या गोष्टीकडे पशुवैद्यांचे लक्ष गेले, ते गेल्या शतकाच्या अगदी अखेरीस. त्यापूर्वी कुत्रा मूत्रपिंडे निकामी होऊन मेला, एवढेच कळत असे. हे विष ठरीव मापाचे नाही, हा त्यातील मोठा धोका होय. एखादा कुत्रा घोसभर द्राक्षे खाऊनही हिंडत राहतो, तर दुसरा मूठभर बेदाण्यांनी अंथरूण धरतो. पहिल्या दिवशी ओकाऱ्या होतात, अन्नावरची वासना जाते आणि पुढील एक-दोन दिवसांत लघवी कमी होत होत बंद पडते.

कारण कोणते, हे कोडे वीस वर्षे सुटले नव्हते. २०२१ साली अमेरिकेतील विषचिकित्सक पशुवैद्यांनी टार्टरिक आम्लाकडे बोट दाखविले. पावभाजणीत वापरले जाणारे ‘क्रीम ऑफ टार्टर’ खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडे हुबेहूब द्राक्षे खाल्लेल्या कुत्र्यांप्रमाणेच बिघडली, हे त्यांच्या ध्यानात आले. हे आम्ल द्राक्षांच्या जातीप्रमाणे व पक्वतेप्रमाणे कमीअधिक असते. मापाचा ठिकाणा लागत नाही, तो यामुळेच असावा. आपल्या घरांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट याच्या पुढची आहे. ज्या दुसऱ्या पदार्थात टार्टरिक आम्ल विपुल असते, तो म्हणजे चिंच. आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींत चिंच खाऊन मूत्रपिंडे बिघडलेल्या कुत्र्यांचाही समावेश आहे. भातावर आमटीचा थेंब पडल्याने कुत्रा दगावेल, असा याचा अर्थ नव्हे. परंतु चिंचेचा कोळ, चिंचगुळाची चटणी, मुलांच्या चिंचेच्या गोळ्या आणि वाळत घातलेली चिंच ही त्याच्या तोंडाजवळ येऊ देऊ नयेत, आणि चिंचगुळाच्या आमटीत कालविलेला भात हे त्याचे रोजचे अन्न करू नये.

सत्यनारायणाच्या प्रसादाचा प्रश्न येथे सहजच उपस्थित होतो. प्रसाद नाकारू नये, ही भावना योग्यच आहे. पण बेदाण्यांचा शिरा देण्याऐवजी त्याच नैवेद्यातील केळ्याचा एक काप कुत्र्यास द्यावा. केळे त्यास बाधत नाही आणि प्रसादाचा मानही राहतो.

चॉकोलेट, कॉफी आणि चहा

कोकोच्या बियांत थिओब्रोमिन नावाचे उत्तेजक द्रव्य असते. माणसाचे शरीर ते काही तासांत निकालात काढते. कुत्र्याच्या शरीरातून त्यातले निम्मे जावयासच सतराअठरा तास लागतात. दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅम झाले की ओकारी, जुलाब व बेचैनी सुरू होते. ४० ते ५० झाले की हृदयाचे ठोके बिघडतात. ६० च्या सुमारास आचके येतात. पदार्थांच्या भाषेत सांगावयाचे तर दहा किलोच्या कुत्र्यास काळ्या, कडवट चॉकोलेटचे तीस-चाळीस ग्रॅम, दुधाच्या चॉकोलेटचे सुमारे शंभर ग्रॅम आणि कोको पुडीचे अवघे दहा ग्रॅम पहिली लक्षणे आणावयास पुरतात. हल्ली दिवाळीस मिठाईच्या जागी चॉकोलेटच्या पेट्या येतात आणि त्या बैठकीच्या खोलीतील बुटक्या मेजावर मांडल्या जातात. कुत्रा वेष्टणासकट पेटी संपवितो. कॉफीची पूड आणि चहाचा चोथा यांतील कॅफीन याच जातीचे द्रव्य होय. म्हणून चहाचा चोथा तुळशीच्या किंवा गुलाबाच्या कुंडीत घालताना तो मातीखाली दडपावा.

साखरेवाचून गोड

घरात मधुमेही माणूस असले की साखरेवाचून गोड केलेले पदार्थ येतात. त्यांतील काहींत, विशेषतः चघळण्याच्या गोळ्या, च्युइंगगम, तोंड धुण्याची द्रवे व काही दंतमंजने यांत, झायलिटॉल नावाचे द्रव्य असते. माणसास ते निरुपद्रवी आहे. कुत्र्याचे शरीर मात्र त्यास खरी साखर समजून एकदम इन्सुलिन सोडते आणि रक्तातील साखर खाली कोसळते. दर किलो वजनामागे दशांश ग्रॅम, म्हणजे आपल्या कुत्र्यास एक ग्रॅम, एवढे पुरे होते; गमच्या दोन-तीन वड्यांत तितके असू शकते. अर्ध्या तासात कुत्रा झोकांड्या खातो, कोसळतो, आचके देतो. मात्रा पाचपट झाली तर यकृतच निकामी होण्याचा संभव असतो. गोडी आणणारे प्रत्येक द्रव्य असे घातक नसते. म्हणून वेष्टणावरील घटकांची यादी वाचावी आणि झायलिटॉल हे नाव दिसल्यास ती वस्तू औषधांच्या कपाटात ठेवावी.

तूप आणि तळण

नामदेवरायांनी एका कोरड्या पोळीस तूप लाविले. आपण सणाच्या एका दिवसात कुत्र्यास पुरी, अनारसा, चिवडा आणि वर बासुंदीचे भांडे चाटावयास देतो. एवढी स्निग्धता एकदम पोटात गेली की स्वादुपिंडास दाह सुटण्याचा संभव असतो. कुत्रा पाठ कमानीसारखी करून उभा राहतो, वारंवार ओकतो, पोटास हात लावू देत नाही. लठ्ठ व वयस्क कुत्र्यांस हा विकार अधिक जडतो आणि तो प्राणावरही बेततो. पोळीवर तुपाचे बोट फिरविण्यास हरकत नाही. तळणीचे पदार्थ मात्र कटाक्षाने टाळावेत.

गिळलेल्या वस्तू

कुत्रा चावून खात नाही, गिळतो. आंब्याच्या दिवसांत चोखून टाकलेली कोय आणि पावसाळ्यात दाणे खाऊन उरलेला मक्याच्या कणसाचा दांडा ही दोन्ही आतड्यात बुचासारखी बसतात आणि मग शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही. सुईदोऱ्याचा प्रकार याहून वाईट. दोऱ्याचे एक टोक वर अडकले की नाडी ओढलेल्या नेफ्याप्रमाणे आतड्याच्या चुण्या पडतात आणि ते फाटते. तोंडातून अथवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला, तरी तो ओढू नये. खेळण्यांतील व घड्याळांतील बटणासारखे सेल गिळले गेल्यास अन्ननलिका थोड्याच तासांत भाजून निघते.

कोनाड्यांतील विषे

उंदरांचे औषध हे यांत सर्वांत भयंकर होय, कारण ते मुद्दामच खाण्यासारखे केलेले असते. त्याचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिला, झिंक फॉस्फाइडची काळसर पूड. ती पिठाच्या गोळीत घालतात. पोटातील आम्लाशी तिचा संयोग होऊन फॉस्फिन हा विषारी वायू निघतो. अन्नाने पोटातील आम्ल वाढते. म्हणून अशा वेळी कुत्र्यास दूध किंवा भात देणे म्हणजे विषास मदत करणे होय. त्याच्या ओकारीतून निघणारा वायू माणसांसही बाधतो. तेव्हा दारेखिडक्या सताड उघडाव्यात आणि मुलांस दूर ठेवावे. दुसरा प्रकार रक्त गोठू न देणाऱ्या वड्यांचा. या खाल्ल्यावर तीन ते पाच दिवस कुत्रा अगदी धडधाकट दिसतो आणि मग शरीरात आतल्या आत रक्तस्राव होऊ लागतो. यावर जीवनसत्त्व ‘के’ हा खात्रीचा उतारा आहे, परंतु तो वेळेवर सुरू करून कित्येक आठवडे चालू ठेवावा लागतो. म्हणून औषधाचे वेष्टन कधीही फेकू नये. कोणते विष, हे त्यावरूनच कळते.

याखेरीज कपड्यांतील डांबराच्या गोळ्या आणि देव्हाऱ्यातील कापूर ही शुभ्र, वासाची आणि खाली घरंगळणारी द्रव्ये आहेत. डांबराच्या गोळीतील नॅप्थलीन रक्तपेशी फोडते, कापूर फार लवकर आचके आणतो. तापाची वा अंगदुखीची गोळी आपल्या हाताने कुत्र्यास कधीही देऊ नये. चारशे मिलिग्रॅमची आयबुप्रोफेनची एक गोळी लहान कुत्र्याच्या पोटात व्रण पाडू शकते आणि पॅरासिटामॉलची जास्त मात्रा यकृत बिघडविते. परसात पूजेच्या फुलांसाठी लावलेली कण्हेर व बिट्टी यांची पाने, फळे व बिया हृदयावर आघात करतात. शोभेसाठी ठेवलेल्या सायकसच्या बियांनी यकृत जाते. कुत्र्याचे पिल्लू घरात असेल, तर ही झाडे कुंपणापलीकडे असलेलीच बरी.

प्रसंग ओढवल्यास

लक्षणांची वाट पाहू नये, हा पहिला नियम. वर सांगितलेल्या विषांपैकी निम्म्यांची लक्षणे दिसतात, तेव्हा उपचाराचा उत्तम काळ निघून गेलेला असतो. काय खाल्ले, किती खाल्ले, केव्हा खाल्ले आणि कुत्र्याचे वजन किती, या चार गोष्टी कागदावर लिहून ताबडतोब पशुवैद्यास दूरध्वनी करावा आणि वेष्टन बरोबर घेऊन निघावे. पहिल्या एक-दोन तासांत वैद्य औषध देऊन ओकारी करवितो, कोळशाची पूड पाजतो आणि पुष्कळदा तेवढ्यावर निभावते.

दुसरा नियम असा की, घरगुती उतारे करू नयेत. मिठाचे पाणी पाजून ओकारी करविण्याची चाल फार जुनी आहे. परंतु त्या मिठानेच कुत्र्याच्या मेंदूस सूज येऊन तो दगावू शकतो. तेल व तूप यांनी काही विषे उलट लवकर शोषली जातात. रॉकेल, आम्ल किंवा संडास धुण्याचे द्रव पोटात गेले असेल, अथवा कुत्रा गुंगीत असेल, तर ओकारी करविणे सर्वथैव वर्ज्य होय.

पशुवैद्याचा पत्ता व दूरध्वनीचा क्रमांक संकटापूर्वीच मिळवून ठेवावा, आणि रात्री कोण भेटतो, हेही विचारून ठेवावे. मुंबईस परळ येथे १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले आणि तेथील जनावरांचे इस्पितळ ‘बैलघोडा हॉस्पिटल’ या नावाने जुन्या पिढीस परिचित आहे. नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथेही अशी महाविद्यालये असून तेथे जनावरांवर उपचार होतात.

हिशेब कोणी ठेवावा?

एकत्र कुटुंबात सर्वांचा कुत्रा हा पुष्कळदा कोणाचाच नसतो. म्हणून त्याच्या अन्नाची जबाबदारी घरातील एकाच व्यक्तीकडे असावी. मग ती सून असो, आजोबा असोत की कॉलेजात जाणारा मुलगा असो. इतरांनी काही द्यावयाचे झाल्यास त्या व्यक्तीस विचारून द्यावे. साधा भात, मुगाची मऊ खिचडी, उकडलेले गाजर व भोपळा, पोळीचा तुकडा, थोडे दही यांपैकी काहीही, पण कांदालसणावाचून, देण्यास हरकत नाही. नुसत्या शाकाहारावर कुत्रा वाढवावयाचा असल्यास प्रथिनांचा प्रश्न पशुवैद्यास विचारून सोडवावा. वर्ज्य पदार्थांची यादी मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघराच्या दारावर लावावी. सणावारी येणारे पाहुणे व घरी कामास येणाऱ्या बायका यांनाही ती सांगावी. देणारा हात त्यांचाही असतो.

आणि शेवटी, सर्वांत महत्त्वाचे. समजा, मुलाने लाडाने कुत्र्यास मूठभर बेदाणे घातले आणि घरात ‘कोणी घातले?’ म्हणून आरडाओरड सुरू झाली. भ्यालेले मूल ‘मी नाही’ म्हणणार, किंवा दहाऐवजी दोन दाणे सांगणार. आणि त्या खोट्याची किंमत कुत्रा आपल्या मूत्रपिंडांनी देणार. म्हणून मुलांस आधीच सांगून ठेवावे की, कुत्र्याने काय खाल्ले हे खरे सांगणाऱ्यास या घरात शिक्षा होत नाही. हे वचन मोठ्यांनी पाळले पाहिजे. कारण पशुवैद्याच्या हाती त्या क्षणी औषधाहूनही आधी लागते, ती खरी माहिती, आणि ती बहुधा घरातील सर्वांत लहान माणसापाशी असते.

पुढील अंकी मांजराविषयी.